काष्टीच्या बाकांची निविदा

अण्णा, तुम्ही ज्या खरेदी शाखेत आयुष्य काढलंत, तिथेच आता मी आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे हे तुम्हाला ठाऊक नाही. हल्ली आमच्याकडे निविदा आधी एआय वाचतं. साहेब कौतुकाने म्हणतात, "त्याला ना भाऊबंद, ना पाहुणे." मला ते पहिल्यापासून आवडलं नाही. ज्याला तोंड नाही, त्याच्याशी हुज्जत तरी कशी घालायची?

मागच्या महिन्यात त्याने शाळांच्या बाकांच्या निविदेवर लाल खूण केली. काष्टी गावचे आपले जुने पुरवठादार काका आणि त्यांच्याविरुद्ध उतरलेला दुसरा पुरवठादार, दोघांची वाक्यंच्या वाक्यं सारखी, चुकासुद्धा त्याच. मी चिडले. काकांना कुणीतरी बाहेर काढायला बघतंय, मशीनला हवं ते शिकवून ठेवलंय, असंच मला वाटलं. काका म्हणजे तुमच्या काळापासूनचा माणूस. आपल्या सावेडीच्या घरी एकदा ते लिंबांची पाटी ठेवून गेले होते. मी सरबत करत असते, तुम्ही ऑफिसातून येता, पाटी बघता आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडता, "कुणाला विचारून घेतलीस?" ती पाटी तुम्ही त्याच संध्याकाळी परत धाडलीत.

म्हणून रविवारी मी काष्टीला गेले. काका आता थकलेत. "तू व्हय! ये, बाळा," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. मी सरळ विचारलं, "काका, तो दुसरा पुरवठादार कोण?"

ते हसलेच. "भाचा हाय माझा. निविदंला समोर दुसरं कुनीतरी लागतंच की."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझ्या वडलांच्या येळंपासून. तवा मेव्हना हुता. त्यांनी कधी इचारलं न्हाई. आन् बाकं मोडली का गं आपली कधी?"

बाकं खरंच मोडली नाहीत. मी चहा अर्धाच टाकून उठले. एसटीत सगळी वाट एकच घोळत होतं: विचारलं नाही, म्हणजे माहीत नव्हतं, की माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही? सोमवारी साहेबांना भाच्याचं सगळं सांगितलं. काकांची निविदा बाद झाली. मशीनवरचा माझा संशय मात्र वाट बदलून तुमच्याकडे आला, आणि तो मला सोसत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? तरी एक सांगते. आता जुन्या निविदाही मशीनला वाचायला द्यायच्या ठरल्यात. कुठल्या वर्षापासून, असं साहेबांनी मला विचारलं. तुम्ही रिटायर झालात त्याच्या पुढच्या वर्षाचं नाव मी घेतलं. त्याआधीचे कागद वाळवीने खाल्लेत, असं मीच त्यांना सांगितलं.

खाल्लेले नाहीत, अण्णा.