ओला कोळसा

१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. माझा खोकला गेला, मोरीतला नळ अजून गळतोच. वहिनीला सांग, लोकर पोचली.

आपल्या लोखंडाच्या कारखान्याचं आता संग्रहालय होतंय. कोळशाच्या भट्टीला रंग दिलाय, भात्याला नवं चामडं लावलंय. भट्टीसमोर कामगाराचा एक पुतळा उभा केलाय, आणि जुन्या फोटोंतून त्यासाठी नेमका तुझाच फोटो निवडला. अगदी तसाच, डावा खांदा पाडून. मला आधी हसूच आलं. आता काय येतं ते धड कळत नाही.

बाबा रोज तिथे जातात. हल्ली त्यांच्या डोक्यात माणसं आणि वर्षं एकमेकांत मिसळतात. पहारेकरी म्हणतो, ज्यांनी आयुष्यभर भट्टी सांभाळली त्यांना मी कोण अडवणार?

काल मीही सोबत गेले. पुतळ्याच्या पायाशी पाटीत कोळसा ठेवलाय, म्हणजे नुसतं रंगवलेलं लाकूड. बाबांनी सवयीने दोन तुकडे एकमेकांवर वाजवून पाहिले. कोरडा कोळसा कसा खणखणतो, तुला मी काय सांगायचं! हा ठक्क वाजला. बाबांचा चेहरा उतरला. वाटलं, झालं, लोखंड आतल्या आत गोठून भट्टी बंद पडली त्या दिवशी तुला चारचौघांत जे बोलले, तेच आता पुन्हा निघणार.

पण त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोळसाच ओला आला होता रे," म्हणाले. "तुझी काय चूक? मी उगाच बोललो तुला. चल, घरी जेवायला थांबलेत."

ज्या शब्दासाठी तू इतकी वर्षं घरात पाऊल टाकलं नाहीस, तो बाबा बोलून मोकळे झाले, आणि ऐकायला तू नव्हतास. मला आनंद व्हावा की रडू यावं? तो दादा नव्हता असं बाबांना सांगितलं, तर ते ओझं पुन्हा त्यांच्या डोक्यावर. नाही सांगितलं, तर तुझ्या हाती काय लागलं? आई असती तर तिने ठरवलं असतं, मला सुचत नाही. कालपासून बाबा खुशीत आहेत. तुझं ताट वाढायला लावतात आणि मी वाढते.

पुढच्या आठवड्यात पुतळ्याभोवती काच बसणार आहे. मग त्यांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचणार नाही. त्याआधी ये. तुला ओळखतील की नाही, सांगता येत नाही. तरी ये, आणि त्यांच्याजवळ उभा राहा.

तुझ्या ताटातलं गार झाल्यावर एकटी संपवणारी,
तुझी धाकटी