घड्याळ हिच्या मनगटावर

२ नोव्हेंबर
आजचा दिवस लिहून ठेवायच्या लायकीचा नाही, तरी लिहितो. धान्याच्या गोदामात वजनकाट्याची तपासणी. काटा नेमका तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून गेलो आणि समोर दिसलं त्यावर दम खायला बसलो. तो तपासायचा काटाच निघाला. गोदामवाल्याने माझं वजन मोठ्यांदा वाचलं आणि वर नम्रपणे विचारलं, काट्यात काही खोट दिसते का. साहेब सोबत होते. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, फिरतीचं काम आता तुम्हाला झेपत नाही, रेकॉर्ड रूममध्ये जागा रिकामी आहे. रेकॉर्ड रूम! तिथे फायलींना ओल्या पायपुसण्याचा वास येतो आणि तिथल्या माणसाला कुणी भीत नाही. मला बघून आख्खा बाजार उभा राहतो. त्या भरात बोलून गेलो, की जानेवारीत सगळ्या खात्यांची शर्यत आहे, त्यात दहा किलोमीटर धावून दाखवतो. साहेब म्हणाले, दाखवा, मग रेकॉर्ड रूमचं नाव काढणार नाही.

उद्यापासून सुरुवात. पहाटे पाच.

३ नोव्हेंबर
गजर वाजला. मोजे सापडले नाहीत. उद्यापासून.

६ नोव्हेंबर
बूट घेतले. दुकानातल्या पोराने माझा पाय उचलला आणि तोंड फिरवून श्वास घेतला. मीही त्याच्या मोजपट्टीवर सरकारी शिक्का आहे का ते बघून घेतलं. नव्हता.

किती धावलो ते मोजणारं घड्याळही घेतलं. माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही. माझी सगळी नोकरी याच एका भरवशावर उभी आहे.

९ नोव्हेंबर
मैदान. तिथे पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. कोच म्हणजे निवृत्त पी.टी. मास्तर, गळ्यात शिट्टी. मी त्यांना मनातल्या मनात शिट्टीच म्हणतो. ही माणसं घामाने निथळणारे हात पुढे करून गुड मॉर्निंग म्हणतात. एक जण मांड्यांना मलम चोळत पोट साफ असण्याचं महत्त्व सांगत होता. मग त्याच हाताने त्याने मला केळं देऊ केलं. घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले.

धावलो. एक फेरी पूर्ण होणारच होती, पण वाटेत कुत्र्याने घाण केलेली. मन उडालं.

१२ नोव्हेंबर
घड्याळाच्या पट्ट्याखाली घाम साचतो आणि त्याला आंबलेला वास येतो. मनगटावर पुरळ. हिला म्हटलं, तू नाहीतरी माझी पाण्याची बाटली घेऊन मागे मागे येतेसच, घड्याळ तूच बांध. ही जिथे तिथे मी, म्हणजे हिशेब एकच. हिने निमूट बांधलं.

१९ नोव्हेंबर
शिट्टीने सांगितलं, दम लागला की बाकावर बसून डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या. हा व्यायाम मला फार छान जमतो. आज बराच वेळ केला. शेजारी कुणीतरी ओले मोजे वाळत घातले होते, त्यामुळे दीर्घ श्वास मात्र महागात पडला.

डोळे उघडले तेव्हा ही लाल तोंडाने समोर उभी. म्हणाली, बसून बसून थंडी वाजत होती, म्हणून जरा हातपाय हलवले. घरी आल्यावर घड्याळ पाहिलं. तीन किलोमीटर! मला स्वतःलाही इतकं वाटलं नव्हतं. दमलेल्या माणसाला आपलं कर्तृत्व कळत नाही, त्यासाठीच तर यंत्र असतं.

२ डिसेंबर
पाच किलोमीटर. साहेबांना आकडा दाखवला. त्यांनी भुवया उंचावल्या. लंचमध्ये सगळ्यांना दाखवला. टायपिस्टबाईंनी विचारलं, मग पँट अजून तशीच घट्ट कशी? स्नायू वाढतात, म्हटलं. माणसांना शरीरशास्त्राचं अज्ञान आहे.

११ डिसेंबर
ही हल्ली सकाळी गुणगुणते. गुडघा दुखायचा थांबलाय म्हणे. जेवते माझ्या दुप्पट. मी इकडे उकडलेल्या भाज्यांचा लगदा गिळतोय आणि ही समोर बसून तूप-साखर लावून चपातीची गुंडाळी खाते. बघवत नाही.

रात्री म्हणाली, अहो, हे आकडे तुमचे नसावेत, बहुतेक माझे असतील. मी शांतपणे समजावलं, की यंत्राचं वाचन करायला ट्रेनिंग लागतं, तो माझा विषय आहे. 

२८ डिसेंबर
साडेनऊ किलोमीटर! आणि मला जराही थकवा नाही. बाकावर मस्त डोळा लागला होता. शिट्टीने माझ्याकडे बघून मान हलवली. बहुधा कौतुकाने.

साहेबांनी नोटीस बोर्डावर माझं नाव लावलं, खात्याचा कॅप्टन म्हणून. रेकॉर्ड रूमची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची ते त्यांनी आता ठरवावं.

९ जानेवारी
शर्यतीत छातीवर नंबर असल्याशिवाय रस्त्यावर सोडत नाहीत. मग माझी बाटली कोण धरणार? कुटुंबीयांनाही धावता येतं, म्हणून हिचंही नाव दिलं. हिच्या पायात घरातले जुने कॅनव्हासचे बूट. म्हटलं चालेल, तुला कुठे धावायचंय.

१२ जानेवारी, संध्याकाळ
लिहितो. कुणीतरी लिहायला हवं.

शिट्टी वाजली आणि हजार बगला एकदम उघडल्या. त्या वासातून मी निघालो. पहिल्याच वळणावर केळ्यांच्या सालींचा चिखल. पुढचा एक जण रस्त्याच्या कडेला ओकला आणि तोंड पुसून पुन्हा पळू लागला. याला खेळ म्हणतात! माझ्या छातीत भाता चालू झाला. हिला म्हटलं, तू हो पुढे, मी गाठतोच. ती दोनदा मागे वळली. मग वळली नाही.

मागून एक गाडी येते, पडलेल्या लोकांना गोळा करत. तिच्यात मी. सहा जण, सगळ्यांचे बूट काढलेले, काचा बंद. खिडकीतून दुसऱ्या किलोमीटरची पाटी दिसली, तिच्याजवळच मी मघाशी बसकण मारली होती.

शेवटच्या रेषेपाशी गाडी थांबली. साहेब उभे होते. शेजारी ही, गळ्यात पदक, चेहरा लालबुंद, ओठ सुकून पांढरे. हातात बाटली. गच्च भरलेली.

मी विचारलं, पाणी का नाही प्यायलीस?

"तुमचं होतं ना," ही म्हणाली. "तुम्ही गाठणार होतात."

साहेब माझ्या अनवाणी पायांकडे बघत होते. मी झाकण उघडून बाटली हिच्या हातात दिली. तिने सगळी संपवली. मीही तहानलेलो होतो, पण बोललो नाही.

२० जानेवारी
रेकॉर्ड रूम. वास अपेक्षेपेक्षा वाईट. एक दुकानदार जुनी पावती शोधत आला. मी दिसलो तर खुर्ची ओढून बसला आणि चहा मिळेल का म्हणाला.

घड्याळ तपासून आणलं. एका मीटरचाही फरक नाही. माप बरोबर होतं, माल माझा नव्हता. इतकी वर्षं नसलेला माल मापात दाखवण्याच्या याच गुन्ह्यासाठी मी लोकांना दंड केला.

बोर्डावर हिचा फोटो लावलाय.

२१ जानेवारी
शिट्टीने हिला मोठ्या शर्यतीच्या ग्रुपमध्ये घेतलं. ही म्हणाली, हातात बाटली धरून पळताना खांदा भरून येतो.

मी मग बाटली आतून ब्रशने घासली. तळाशी बुळबुळीत हिरवा थर होता, इतके दिवस मला तो दिसला नव्हता. भरून ठेवली. गजर पाचचा लावला. मोजे शोधून उशाशी ठेवले.