दुपारचा फॉल्ट

१२ मे १९९७, सोमवार

परत बंद! रिसालीच्या साइटवर, भर दुपारी. नाली अर्धी खोदलेली, बकेट हवेत, आणि पॅनेलवर तोच लाल दिवा. म्हणजे कंट्रोलर आणि मॉनिटर यांचं बोलणं तुटलं. दोघांमध्ये दोनच तारा. एकाची खबर दुसऱ्याला मिळाली नाही की हे नवं एक्सकॅव्हेटर आपणहून इंजिन बंद करतं. जुन्या मशीनला असले नखरे नव्हते. डिझेल टाका, चालवा!

वर्कशॉपमधून स्कूटर हाणत पोचलो, तोवर दिवा गेलेला. मीटर लावला तर सगळं ठणठणीत. दवाखान्याच्या दारात ताप उतरावा तसं!

मशीन गुलाबराव ठेकेदारांचं. ते ऑपरेटरवर घसरले — "हा कवडूच बंद करून राहिला. आराम पायजे याले!" कवडू मान खाली घालून उभा. मला राग आला, पण माझाही पगार गुलाबरावच देतात. बघतो, एवढंच म्हटलं.

१३ मे

किल्लीनं इंजिन बंद केलं तर मॉनिटरमध्ये काही राहत नाही. तारेतला संबंध तुटला तरच कोड राहतो. आज गुलाबरावांना तो कोड दाखवला. म्हटलं, कवडू खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल? थोडे नरमले. मग म्हणाले, "मेश्रामजी, महिन्याच्या आत फॉल्ट काढा. नाही तर मी ऑपरेटर बदलतो. पाण्याच्या आधी नाली झाली पायजे."

कवडूला तीन पोरी. कोहक्यात भाड्याची खोली. घ्या, आता हे माझ्या डोक्यावर!

१५ मे

सापडला! कॅबखालच्या कनेक्टरमध्ये एक पिन हिरवी पडली होती. बदलली. जेवताना शैलाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता तरी भाजीत मीठ आहे का नाही ते सांगा."

१६ मे

परत. दीडच्या सुमारास.

१८ मे, रविवार

नागपूरच्या इंजिनियरला एसटीडी बूथवरून फोन केला. म्हणे, वायरिंगचा सगळा जुडगाच बदला. अहो, कालच बदलला! मग म्हणे, मॉनिटर बदलून बघा. तेही झालं. मग म्हणे, "फिर तो देखना पड़ेगा." देखना म्हणजे काय? मी आठवडाभर दुसरं काय करतोय!

२० मे

एक गोष्ट लक्षात आली. सकाळी कधीच बंद पडत नाही. ऊन डोक्यावर आलं की पडतं. म्हणजे उष्णतेनं कुठली तरी पिन फुगते, सुटते, थंड झाली की परत चिकटते. असंच असणार!

कंट्रोलरच्या पेटीवर ओलं पोतं बांधलं. कवडूनं स्वतः बांधलं, अगदी मन लावून. मी झाडाखाली बसून बघत होतो. मशीन बंद असलं की रेजाही तिथंच बसतात. नालीचा तळ साफ करायचा, माती घमेल्यानं वर द्यायची, हे त्या बायांचं काम, आणि ते मशीनच्या मागं मागं चालतं. मशीन थांबलं की त्या थांबतात. गुलाबराव एरवी त्यांना बसू देत नाहीत. त्यांतली सगळ्यात म्हातारी तुळसाबाई. मला बघितलं की हसते — "आ गे डाक्टर साहब!" आज तिनं डब्यातली बासी, रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात, पुढे केली. भात आंबूस, पाणी गारेगार. पोटात थंडावा पडला.

२१ मे

ओल्या पोत्यासकट बंद पडलं.

२२ मे

काही सुचत नाही. तारा वाकवून पाहिल्या, ओढून पाहिल्या, मशीन मुद्दाम तापवून पाहिलं. माझ्यासमोर एकदाही बंद पडत नाही! नुसता पोचतो आणि कोड वाचतो. डिप्लोमाचा कागद भिंतीवर टांगला आहे, तो उतरवून ठेवावा असं वाटतं. कवडूची नोकरी जाणार, आणि ती माझ्या नालायकपणानं जाणार.

२४ मे

शेवटचा उपाय. एकूण एक कनेक्टर खोलला, घट्ट बसवला, वरून वायर-सील मारलं आणि इपॉक्सी ओतली. आता वाऱ्यालासुद्धा आत जाता येणार नाही.

कवडू म्हणे, "कायले जी साहेब? उद्या खोला लागन तं?"

म्हटलं, "अरे, तुयीच नोकरी वाचवून राहिलो मी!"

तो सीटमागचं सील बोटानं दाबून बघत होता.

२६ मे

कालपासून नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. आणि मशीन? दोन्ही दिवस चालू! एकदाही बंद नाही! ज्या उन्हाला मी घाबरत होतो, त्याच्या बापाच्या उन्हात चालू!

२७ मे

आजही चालू. गुलाबरावांनी पाठ थोपटली. कवडूला बदलणार नाही म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले. मी धावत जाऊन त्याला सांगितलं, तर नुसतं "हो जी". तोंडावर हसू नाही. माणसं अशीच, केल्याचं काही वाटत नाही! असो. कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं.

२८ मे

तुळसाबाई गेली. दुपारी नालीत घमेलं उचलता उचलता खाली बसली ती उठलीच नाही. लू लागली, उन्हाचा झटका. दवाखान्यात नेईपर्यंत संपली. कवडूनं मशीन बंद केलं, तर गुलाबराव धावत आले — "काय झालं? लाल दिवा लागला काय?"

३० मे

काल संध्याकाळी कवडू घरी आला होता. पाणीही घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "पयल्या डाव खरंच बंद पडलं होतं जी. तवा बाया झाडाखाली बसल्या. मंग तुमी पिन बदलली, तं मी सीटमागची ढिली करू लागलो. रोज दुपारी. तुमी यायच्या आत परत खोचत होतो. तुमी सील मारलं, मंग मले काही करताच नाही आलं."

सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर गेलो. सीटमागचं सील कापलं, इपॉक्सी खरवडून काढली. गुलाबरावांना सांगितलं, कंट्रोलर आतून कमजोर आहे, बारा ते तीन मशीन बंदच ठेवा, नाही तर जळेल. ते म्हणाले, "पक्कं?"

म्हटलं, पक्कं. मीटर लावून पाहिलं.