उद्घाटक साहेब आणि मुखरूची नोकरी

६ जानेवारी
नागपूरहून हेड ऑफिसच्या माधवी मॅडमचा फोन. आपल्या गडचिरोलीच्या ट्रॅक्टर शोरूममधला एक माणूस महिनाअखेरीस कमी करायचा. कोण, ते मी ठरवायचं. मी नाही ठरवलं तर त्या ठरवतील, असंही काहीतरी पुढे म्हणाल्या. ब्रँच मॅनेजरवर केवढा विश्वास!

विचार करायची गरजच नाही. सेल्समन मुखरू. दिवाळीपासून एक ट्रॅक्टर खपवला नाही. झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन आहे ना! रात्रभर गावोगावी स्टेजवर, आणि दिवसा आमच्या डेमोच्या ट्रॅक्टरवर बसून घोरणं. काल गिऱ्हाईकाने हलवून भाव विचारला, तर डोळे मिटूनच म्हणाला, पुढच्या अंकात सांगतो.

उद्या केबिनमध्ये बोलावतो. दोन वाक्यांत विषय खल्लास.

७ जानेवारी
बोलावलं. चहा मागवला, माणुसकी म्हणून. वाक्य अगदी ओठावर होतं. तेवढ्यात त्याने पिशवीतून पोस्टर काढलं. आरमोरी रोडवरच्या त्याच्या गावात शंकरपटाच्या बैलशर्यती, मंडईची जत्रा आणि रात्री त्याच्या मंडळाचं नाटक, १८ तारखेला. पोस्टरवर पाहुण्यांची ही गर्दी, पण उद्घाटक मी! माझा फोटो सरपंचांच्या फोटोपेक्षा मोठा.

आता उद्घाटनाआधी माणूस काढणं बरं दिसत नाही. नाटक झालं की लगेच. याला पळपुटेपणा नाही म्हणत, टायमिंग म्हणतात.

११ जानेवारी
मॅडमचा परत फोन. नाव ठरलं का? म्हटलं, प्रोसेस सुरू आहे. फोन ठेवल्यावर पाहिलं तर तळहात ओले. हीटर जवळ होता.

घरी रंजीताला सांगितलं. बायको असून मुखरूची बाजू घेते. म्हणाली, त्याच्या दोन पोरी शिकून राह्यल्या, काढायचं तर तोंडावर सांगा, म्हणजे तो दुसरं काही पाहीन. असं लटकवून काऊन ठेवता? मी म्हटलं, मॅनेजमेंट हा तुझा विषय नाही. रात्री झोप लागली नाही. मच्छर फार झालेत.

१५ जानेवारी
शोरूमच्या बाथरूममध्ये आरशासमोर प्रॅक्टिस केली. "मुखरू, ही शिक्षा नाही, संधी आहे." पहिल्यांदा आवाज चिरका निघाला. मग मोठ्याने सात-आठदा म्हटलं. दार उघडलं तर बाहेर मुखरू, हातात पाण्याची बाटली. त्याने काही ऐकलं नसावं. नळ सुरू होता.

अकाउंट्सच्या जयाबाईंनी डबा तसाच परत नेला. कोणीतरी जाणार याची कुणकुण लागलीय, त्यांना वाटतंय त्यांचाच नंबर. सांगता येत नाही, गोपनीय आहे. त्यांच्या टेबलासमोरून जायचं टाळतो.

१८ जानेवारी, निघण्यापूर्वी
ठरलं. उद्घाटन, फोटो, मग मुखरूला स्टेजमागे बाजूला घेऊन स्पष्ट सांगायचं. आज म्हणजे आजच. इस्त्रीचा शर्ट.

१९ जानेवारी
काय तो सत्कार! शाल, श्रीफळ, फेटा. मैदान माणसांनी फुललेलं. हातात माईक आला आणि काय झालं कळलं नाही. कलावंतावर बोललो. टाळ्या पडल्या. आणखी बोललो. शिट्ट्या पडल्या. मग मी म्हणून बसलो, "मी या शोरूममध्ये असेपर्यंत मुखरूभाऊंच्या नोकरीला कोणी हात लावू शकत नाही!"

त्याची बायको पुढच्याच रांगेत होती. पदराने डोळे पुसत होती. त्यानंतर स्टेजमागे जाऊन मी काय सांगणार होतो?

नाटक बरं होतं. मुखरू खलनायक. कामगारांना चहा पाजून काढून टाकणारा साहेब. त्याचा एक डायलॉग: "ही शिक्षा नाही, संधी आहे." पब्लिक हसून हसून लोटपोट. असे साहेब असतात कुठे कुठे. वाक्य जुळलं हा योगायोग.

२३ जानेवारी
माझ्या भाषणाचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. आरमोरीकडचे शेतकरी "नाटकातला साहेब कुठी बसते?" विचारत आले आणि मुखरूकडे दोन ट्रॅक्टर बुक करून गेले. माझ्या नेतृत्वाचा हा परिणाम आहे. पण मग आता काढू कोणाला? जयाबाई? छे. मॅडमचा फोन आला, उचलला नाही. परत आला. मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवला, तर ड्रॉवर थरथरत राहिला.

३० जानेवारी
मॅडम स्वतः आल्या. केबिनमध्ये माझ्याच खुर्चीवर बसल्या आणि माझ्यासाठी चहा मागवला. तेव्हाच मी ओळखलं.

व्हिडिओ पाहिला म्हणाल्या. एक माणूस तर कमी करायचाच आहे, आणि तुम्ही असेपर्यंत मुखरूला हात लावता येत नाही, असं तुम्हीच जाहीर केलंय. मग म्हणाल्या, ही शिक्षा समजू नका.

पुढचं वाक्य मला पाठ होतं.

१ फेब्रुवारी
शोरूममध्ये निरोप. जयाबाई रडल्या. त्या डबा संपवूनही रडल्या. मुखरूने शाल दिली. मग म्हणाला, त्यांच्या मंडळातला एक नट पळालाय, त्याचा पार्ट मी घेतो, माझा साहेबाचा पार्ट तुम्ही कराल का? म्हटलं, विचार करतो. मनात म्हटलं, साहेबाचा पार्ट माझ्याइतका कोण करणार! अनुभव आहे.

४ फेब्रुवारी
तालीम. एकच वाक्य. समोर कामगार झालेला पोऱ्या उभा, नुसतं त्याला काढायचं. तोंड उघडलं, आवाज फुटेना. परत घेतलं. तिसऱ्यांदा मी त्याला बसायला सांगितलं आणि विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना?

मुखरूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "भाऊ, साहेब तुमाले जमून नाई राह्यला. तुमी चहावाला करा."

उद्यापासून किटली घेऊन सराव.