दोन मिलिमीटर

मंगळवार, ता. ११

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी आपण होऊन लिहीत नाही, लिहावं लागतं आहे. या महिन्याअखेर मी निवृत्त होते. प्रयोगशाळेचा ताबा घ्यायला आलेल्या नव्या बाईंनी काल माझं कपाट रिकामं केलं आणि त्यात सापडलेल्या शेवंड मोजायच्या पट्ट्या एकेक करून मोजल्या. शुक्रवारी मच्छीमार संस्थेची सभा आहे, तिथे हे निघणार. तू ते कुणा तिसऱ्याच्या तोंडून ऐकू नयेस.

गुडघा कसा आहे? बर्फाच्या कारखान्यात दिवसभर ओल्यात उभा असतोस, असं कळलं. जाड मोजे घालत जा. माझं ठीक. स्वयंपाकघराचं छत गळत होतं, ते दुरुस्त करून घेतलं. गवंड्याने दोनदा तेच काम केलं, कारण पहिल्यांदा मी ते पाडायला लावलं. हसू नकोस.

आता मुद्दा. तुझ्या वहीतले आकडे बरोबर होते. बाकी सगळ्यांचे चूक होते, आणि त्या चुकीचं कारण मी त्यांच्या हातात दिलेली पट्टी होती.

तुझी बायकोही हे वाचेल, म्हणून नीट लिहिते. पट्टीला खाच असते. शेवंडीच्या पाठीचं कवच खाचेत मावलं तर ती लहान, पाण्यात परत सोडायची. नाही मावलं तर ठेवायची. लहान शेवंडी वाचवायचा आमचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा मी बोटींसाठी प्लॅस्टिकच्या नव्या पट्ट्या करून घेतल्या. साचा चुकला होता. खाच दोन मिलिमीटर अरुंद निघाली. त्यामुळे ज्या शेवंडीनं अजून एकदाही अंडी धरली नव्हती, तीही खाचेत मावेना आणि मोठी ठरून टोपलीत जाई. तू तेवढी नवी पट्टी घेतली नाहीस. "ताई, ही पितळी हाताला बसली आहे, राहू दे," म्हणालास. मला तो हट्टीपणा वाटला.

किती धरल्या, किती सोडल्या याच्या प्रत्येक बोटीच्या वह्या सहा महिन्यांनी गोळा झाल्या. दहातल्या चार शेवंडी परत सोडल्या, असं तुझी वही म्हणत होती. इतरांच्या एक, फार तर दीड. सभेत मी ते भिंतीवर दाखवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "याच्याच सापळ्यात बालवाडी भरते वाटतं!" सगळे हसले. मीही हसले, हे तू पाहिलंस. मग मी म्हणाले, "हे आकडे बोटीवर भरलेले नाहीत, घरी बसून भरलेत." तू उठलास. "ताई, एक दिवस माझ्याबरोबर चल आणि तूच मोज."

"इथे मी ताई नाही," मी म्हणाले.

तू खाली बसलास. पुढचं तू मला कधी सांगितलं नाहीस, पण माझ्या कानावर आलं. तुला 'कादंबरीकार' म्हणायला लागले. अठरा वर्षं बरोबर असलेला भागीदार दुसऱ्या बोटीवर गेला, शेवटी तूही बोट सोडून गावाबाहेर कामाला लागलास. तुझ्या बायकोचा एकदाच फोन आला होता. ती म्हणाली, "वन्सं, ते घरात बोलत नाहीत हो." मी म्हणाले, "होईल हळूहळू सवय." असं मी म्हणाले.

काल नव्या बाईंनी खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: 'झिजलेल्या पट्ट्या'. त्यांनी व्हर्नियर उघडला, मापं घेतली आणि फार नम्रपणे विचारलं, "बाई, पट्टी झिजली तर खाच रुंद होईल ना? ही अरुंद कशी?"

मी म्हणाले, बघते. दाराला कडी लावून बसून राहिले. पस्तीस वर्षं मी लोकांना आधी मोजा, मग बोला, असं सांगत आले.

म्हणजे तुझ्या लक्षात आलं असेल. चूक काल सापडली नाही. सभेनंतर महिन्याभराने मी सगळ्या पट्ट्या परत मागवल्या, 'झिजल्या' म्हणून सांगितलं आणि बरोबर मापाच्या वाटल्या. साहजिकच त्या वर्षी सगळ्यांच्याच वह्यांत लहान शेवंडी वाढल्या, थेट तुझ्या आकड्यापर्यंत. मी अहवालात लिहिलं की पिल्लांची संख्या उत्साहवर्धक रीतीने वाढली आहे, प्रकल्पाला यश येत आहे. समुद्रात काही वाढलं नव्हतं. पट्टी बदलली होती. त्या वाक्यावर प्रकल्पाला दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि त्याच वाक्याच्या आधारावर शुक्रवारी सापळ्यांची संख्या वाढवायचा ठराव येणार आहे.

इथवर लिहून मी चहा करायला उठले. पत्र इथेच संपवावं, असं वाटत होतं. महिन्याभराने कळलं, घाबरले, लपवलं. एवढं तू माफ केलंही असतंस. तुझा स्वभाव तसा आहे.

पण ते महिन्याभराने नव्हतं. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी तुझी वही पुढ्यात होती. माझा धाकटा खोटं लिहील, हे मला पटेना. म्हणून मी खणातली एक नवी पट्टी काढून मोजली. दोन मिलिमीटर कमी. मनाशी म्हटलं, एखादी असते खराब. खणात आणखी होत्या. दुसरी मोजली नाही. मोजली असती तर दुसऱ्या दिवशी सभेपुढे मला उभं राहून माझी चूक सांगावी लागली असती. त्याऐवजी तुला उभं केलं.

नव्या बाईंनी खोकं उघडलं नसतं, तर निरोपाचा हार घालून घेऊन मी गप घरी आले असते. हेही लिहून ठेवते, म्हणजे माझ्या पत्राला प्रामाणिकपणाचं श्रेय जायला नको.

उत्तर दे असं म्हणत नाही. परत ये असंही म्हणायला मला तोंड नाही. ठराव मात्र मी होऊ देणार नाही.

तुझ्या बायकोला मी फोनवर जे बोलले, त्याची लाज वाटते, असं सांग. किंवा नको, तिला मीच लिहीन.

ज्या टेबलाशी मी तुझी ताई नव्हते, त्याच टेबलाशी बसलेली,
ताई

बुधवार. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून पुढे लिहिते. आज सकाळी अकरा वाजता संस्थेच्या सचिवांच्या हाती दिलं: माझ्या सहीचं निवेदन, पानं दोन, एकेचाळीस पट्ट्या, प्रत्येकीवर नव्या बाईंनी मोजलेलं माप, आणि माझा अहवाल मागे घेत असल्याचा अर्ज. सचिवांनी उभ्यानेच वाचलं. "बाई, हे लिलावाच्या शेडमध्ये फळ्यावर लावायचं? तिथे सगळे वाचतात." त्यासाठीच आणलंय, मी म्हणाले. त्यांनी पोच दिली, ती सोबत जोडली आहे. निवेदन तुझ्या नावाने सुरू होतं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण लिहिलं आहे.