लिफ्टचा नंबर मोठ्याने म्हणावा

चि. शालकराव यांस,

भाऊजींचे अनेक आशीर्वाद. (मेहुणा एकच असल्याने वाटणी करावी लागत नाही, सगळे तुलाच.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या ताईचा गुडघा बरा आहे, माझी पाठ नाही. तुझा खोकला गेला का? नसेल गेला तर त्या पडद्यासमोर बसणं कमी कर, असं ताई सांगते. मी सांगत नाही, कारण तो अधिकार मला आता राहिलेला नाही. पत्रास कारण की, कारण काहीच नाही. फोन हाताशी असताना हा माणूस पाकीट-तिकिटाच्या भानगडीत का पडला, असं तुला वाटेल. पण घर दोन खोल्यांचं, मधली भिंत पातळ, आणि तुझी ताई शाळेची उपमुख्याध्यापिका. शेवटच्या बाकावरची कुजबुज तिने सत्तावीस वर्षं फळ्याकडे तोंड करून ऐकलेली आहे. तेव्हा म्हटलं, आपलं लिहावंच.

मूळ दोष तुझा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला मोकळेपणाने हसता येणार नाही. मला निवृत्त होऊन पाच महिने झाले. पहिल्या महिन्यात मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. दुसऱ्यात मिक्सर उघडला (तो चांगला चालत होता, आता बरा चालतो). तिसऱ्यात मी आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी स्टूल टाकून बसू लागलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोराचा आवाज कसा ओळखायचा ते सांगू लागलो, तेव्हा चौथ्या मजल्यावरची माणसंसुद्धा जिन्याने जाऊ लागली. अशा अवस्थेत तू जेवायला आलास. आमच्या मशीनवर, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर, लिनक्स ही सिस्टिम तूच घालून दिलेली, म्हणून मी सहज विचारलं की हे आतून असतं कसं. तू म्हणालास, काही वेडे लोक ते तयार घेतच नाहीत. चार-दोन हत्यारं घेऊन बसतात आणि एकेक प्रोग्रॅम त्याच्या मूळ मजकुरापासून स्वतः बांधत सगळी सिस्टिम उभी करतात. इथवर ठीक होतं. पण मग तू पानातला शेवटचा घास घेत म्हणालास, "भाऊजी, तुम्हाला कशाला ती डोकेफोड? तयार आहे ते वापरा. बटण दाबायचं की वर!"

बटण दाबायचं की वर. हे कोणाला, तर छत्तीस वर्षं लिफ्टच्या छपरावर बसून, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून काढलेल्या माणसाला! अरे, बटण दाबतात ते प्रवासी. मी हयातीत कधी प्रवासी नव्हतो. दुसऱ्याच दिवशी मी तुझ्याकडे त्या बांधणीची कृती मागितली, आणि तू (थट्टेनेच, हे मला कळलं नाही असं समजू नकोस) साडेतीनशे पानांचं बाड छापून पाठवलंस.

बाडाच्या पहिल्याच प्रकरणात माझी मती गुंग झाली. प्रोग्रॅम म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. तो मशीनला समजेल असा करून देतो तो कंपायलर. आणि कंपायलर हाही प्रोग्रॅमच, म्हणजे त्याला बांधायला पुन्हा कंपायलर हवाच. मग पहिला आला कुठून? दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या ताईने दूध कोमट केलं, शेजारणीकडून वाटीत आणलेलं विरजण त्यात घातलं, आणि मला ओट्यापाशी उभ्याउभ्या बोध झाला. दह्याला दहीच लागतं! पहिलं विरजण उसनं, म्हणून पहिल्या दह्याला शेजारणीच्या घरची चव. त्या दह्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावायचं, दुसऱ्यातलं घेऊन तिसरं. बाडात तोच कंपायलर तीनदा बांधायला सांगितला आहे तो एवढ्यासाठीच: पहिला तुझ्या तयार सिस्टिमच्या उसन्या विरजणावर, आणि तिसऱ्या लावणीला शेजारीण संपली, दही आपलं झालं. हे मी ताईला उत्साहाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग दहीच लावत जा की, निदान खाता तरी येतं."

असो. मी कामाला लागलो. मशीनच्या डिस्कचा एक कोरा तुकडा तू राखून ठेवला होतास, त्याच्यावर नवं घर बांधायचं ठरलं. आणि काय सांगू, मजा येऊ लागली. प्रत्येक प्रोग्रॅम बांधायला घेतला की आधी तोच चौकशी करतो. कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. खरंच चालतो का? तुमच्या थोरल्या काकांनी पहिल्या भेटीत माझ्या नोकरीची चौकशी अशीच केली होती, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. वेळ मोजायची तऱ्हाही न्यारी. पहिलं पॅकेज (म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं) बांधायला तुमच्या मशीनला जो वेळ लागेल ते एक माप, पुढचं सगळं त्या मापात. आपल्या मशीनला बावीस मिनिटं लागली. त्यामुळे ताईने बाजारात येता का विचारलं आणि मी म्हणालो, अडीच मापांनी येतो, तर ती एकटीच गेली. मग चाचण्या. मशीन स्वतःच स्वतःची हजारो प्रश्नांची परीक्षा घेतं आणि बाड वर सांगतं की त्यातल्या काहींत नापास होणं अपेक्षित आहे. हे मी ताईला सांगितलं ती माझी चूक. "अपेक्षित नापास" हा शब्द तिने दोनदा उच्चारून पाहिला आणि मग वह्यांचा गठ्ठा उचलून आतल्या खोलीत गेली.

आता मुख्य गोष्ट. (वर म्हटल्याप्रमाणे मुख्य असं काही नाही, पण तरी.) बाडात एक ताकीद पानोपानी आहे. नवं घर ज्या जागी बांधायचं तिला एक नाव द्यायचं, आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी ते नाव मशीनकडून वदवून घ्यायचं. त्या आज्ञेचं नावच मुळी इको, म्हणजे प्रतिध्वनी. मशीनने नाव उच्चारलं तर पुढे जा. रिकामी ओळ आली तर थांब, कारण नाव ठाऊक नसलं की मशीन नव्या घराचं सामान खुशाल राहत्या घरात नेऊन टाकतं. हे वाचून मला गहिवरून आलं. अरे, हा तर आमच्या हेड मेकॅनिकचा नियम! मी बाविशीत असताना एका इमारतीत दोन लिफ्ट शेजारीशेजारी होत्या. बिघडलेली दोन नंबरची, आणि मी फ्यूज काढला एक नंबरचा. आत एक वकीलसाहेब होते. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा त्यांनी मला कायद्यातली चार कलमं आणि कायद्याबाहेरचे सहा शब्द ऐकवले. त्या दिवशी हेड मेकॅनिकने सांगितलं: ज्या लिफ्टचं काम करायचं तिच्या पेटीवर तळहात ठेवायचा आणि नंबर मोठ्याने म्हणायचा, मगच हत्यार काढायचं. तेव्हापासून छत्तीस वर्षं मी म्हणत आलो. (लग्नानंतर वर्षभर तुझ्या ताईला वाटायचं की मी झोपेत देवाचं नाव घेतो. ते "दोन नंबर, दोन नंबर" होतं.) तर इथेही मी दर वेळी मशीनकडून नाव वदवून घ्यायचो, आणि सवयीप्रमाणे टेबलावर हात ठेवून स्वतःही म्हणायचो, "नवं घर, नवं घर."

एकदाच नाही म्हटलं. मंगळवारी दुपारी. पाळी होती सी लायब्ररीची, जिच्यावाचून मशीनमधला एकही प्रोग्रॅम पाऊल टाकत नाही तिची. पडद्यावरची एक खिडकी कामात अडकलेली, म्हणून मी शेजारी दुसरी उघडली. नाव ठाऊक होतं ते पहिल्या खिडकीला, दुसरी कोरी. मी आज्ञा दिली. मशीन म्हणालं, परवानगी नाही. पुन्हा दिली. पुन्हा तेच. आता बघ हं, सेफ्टी स्विचला तार बांधून लिफ्ट पळवणाऱ्या मेकॅनिकांची मी जन्मभर खरडपट्टी काढली. आणि मी काय केलं? मालकाचे सगळे हक्क अंगावर घेतले आणि म्हटलं, आता बोल. मग ते काही बोललं नाही. अकरा मिनिटं सगळं लोण्यासारखं सरकत होतं. शेवटी मी फायलींची यादी मागितली, मिळेना. बंद हो म्हटलं, होईना. एकूण एक आज्ञा पंगू झाली. अखेर जी आज्ञा आधी द्यायची ती दिली, नाव वदवायची. ती खिडकीच्या पोटातलीच, म्हणून तेवढी चालली. रिकामी ओळ आली. मी एक नंबरचा फ्यूज काढला होता, शालकराव. नव्या घराची लायब्ररी राहत्या घरात जाऊन बसली, आणि तुझी तयार सिस्टिम आता उठतही नाही.

आणि राहत्या घरात कोण राहत होतं? तुझ्या ताईचं वेळापत्रक. चौतीस शिक्षक, अठरा वर्ग, प्रयोगशाळा एक, आठवड्यातून तीनच दिवस येणारे गायनमास्तर, जेवणानंतर तास नको म्हणणारे व्यायामशिक्षक, आणि एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन गणिताच्या बाई, ज्यांना एका वेळी शिक्षकांच्या खोलीत रिकामं सोडायचं नाही. तीन आठवडे खपून तिने ते जुळवलं. पुढल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी द्यायचं आहे. मी तिला सांगितलंय की एक फार मोठं पॅकेज बांधायला टाकलं आहे, रविवारपर्यंत हात लावायचा नाही, आणि पडद्यावर टॉवेल घातलाय. ती म्हणाली, "बरं." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिची सगळी "बरं" मला पाठ आहेत, हे त्यातलं नाही. मला खरंच भीती वाटते रे. रागाची नव्हे. ती रागावली तर सोपंच आहे. ती पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे बसेल आणि मला एक शब्द बोलणार नाही, त्याची.

बाकी सर्व क्षेम. खोकल्याचं बघ.

तुझा,
भाऊजी

ता. क. : पत्रास कारण काहीच नाही असं वर लिहिलं आहे, ते तुझा पेन ड्राइव्ह वगळून. मशीन बाहेरून उठवायचा तो जो पेन ड्राइव्ह तुझ्याकडे असतो तो घेऊन रविवारी चार ते सहाच्या आत ये, तेव्हा ताई मैत्रिणीकडे जाते. वेळापत्रक आधी काढ, उपदेश नंतर. फोनवर उत्तर देताना जपून. येणार असलास तर विचार, "लिफ्ट सुरू झाली का?" नसलास तर, "लिफ्ट अजून अडकलीय का?"

ता. क. दुसरा : आणि येशील तेव्हा तुझी ती तयार सिस्टिमच पुन्हा घालून दे. मी बटण दाबेन. झाला तेवढा पराक्रम पुरे.

ता. क. तिसरा : टपालपेटी शाळेच्या फाटकाशी असल्याने हे पाकीट ताईच्याच हाती देत आहे. काळजी नसावी, डिंक दोनदा लावला आहे.

धाकट्या,

दोनदा लावलेला डिंक वाफेवर एका मिनिटात सुटतो. वेळापत्रक मी आधी मोठ्या कागदावरच करते. तो कागद गेल्या शुक्रवारीच मुख्याध्यापकांकडे गेला, आणि आज संध्याकाळी मी ह्यांना तसं सांगणार आहे, कारण दोन दिवस जेवण नीट जात नाहीये. महिनाभर बाहेरच्या खोलीतून "नवं घर, नवं घर" ऐकू येत होतं. मंगळवारी आलं नाही, तेव्हाच मी समजले.

तू रविवारी ये. राहतं घर दुरुस्त कर, पण नव्याला हात लावू नकोस आणि बटणाचं नावही काढू नकोस. निवृत्तीनंतर पहिल्यांदा हा माणूस सकाळी दाढी करून, शर्ट घालून कामाला बसत होता. पहिल्या पानापासून पुन्हा बसू दे.

आणि येताना वाटीभर विरजण घेऊन ये. शेजारीण परगावी गेली आहे, आणि घरातलं दही ह्यांनी काल जेवणाऐवजी सगळं संपवलं, लावायला चमचाभरसुद्धा ठेवलं नाही.

ताई