दोन टनी मेटल

ती. अक्कास धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. इकडे सगळे जिवंत आहोत. 'मजेत' हा शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं? भाऊजींचा खोकला थांबला का? (नसेल तर अंगावर काढू देऊ नकोस. औषधांच्या खोक्यात ती घडीची, मुंगीएवढ्या अक्षरांची पत्रकं असतात ना, ती आमच्या छापखान्यात तपासण्याचं काम मी एकवीस वर्षं करतोय. साध्या खोकल्याचं पुढे काय काय होऊ शकतं ते मला तोंडपाठ आहे.) माझं म्हणशील, तर या महिन्यात चौदा औषधांची पत्रकं तपासली आणि त्यातल्या नऊ औषधांचे दुष्परिणाम मला झाले आहेत, एकही गोळी न घेता. हिची तब्येत ठीक आहे. ती माझ्याकडे बघून सुस्कारे टाकते, पण तो आजार नव्हे असं डॉक्टर म्हणाले.

आता टेकडीवरच्या त्या वृद्धनिवासाचा अर्ज. तू एवढी खटपट करून बाबांसाठी तिथे खोली मिळवलीस, माहितीपत्रक पाठवलंस (त्यात 'शांतता' हा शब्द अकरा वेळा आला आहे; एके ठिकाणी 'शांताता' छापलंय, त्यांना कळव), आणि मी साधी सही करून पाठवली नाही, म्हणून तू चिडली आहेस. बरोबरच आहे. पण हा आळस नव्हे. मधे हेडफोन आले.

बाबा दिवसभर काय करतात, असं तू दर फोनला विचारतेस आणि मी 'बसतात' म्हणून मोकळा होतो. ते तितकंसं खरं नाही. चौतीस वर्षं लोखंड घडवायच्या कारखान्यात दोन टनी यांत्रिक घणापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला नुसतं बसता येत नाही. आई होती तोवर ती बोलत असायची, त्यांना ऐकू येवो न येवो. ती गेल्यावर घर थंड पडलं आणि बाबा आवाज करायला लागले. नळ सोडून ठेवायचे. कपाटाची दारं आपटायचे. रिकामा मिक्सर फिरवत त्याच्यावर हात ठेवून उभे राहायचे, शेवटी तो जळाला. मी ओरडायचो, ते त्याहून मोठ्यानं ओरडायचे, ही दोन्ही कानांत बोटं घालून गॅलरीत जायची. तुझ्या माहितीपत्रकातली झाडं मला त्या दिवसांत स्वप्नात दिसायची.

अशात वरच्या मजल्यावर एक भाडेकरू आला. दातांच्या कवळ्या करणारा, अंगानं किरकोळ, बोलायला इतका मऊ की जिन्यात भेटला तर आपणच त्याची माफी मागावी. पण कामाला बसला की गाणी लावायचा. गाणी हा शब्द मी दुसरा सापडत नाही म्हणून वापरतोय. पत्र्याच्या गोदामात ट्रक उलटावा आणि ड्रायव्हरनं त्याबद्दल ओरडून तक्रार करावी, तसं ते असायचं. आमच्या छताचे पोपडे पडायला लागले तेव्हा मी अंगात अवसान आणून तक्रार करायला वर गेलो. मागोमाग बाबाही जिना चढून आले. (तू विचारायच्या आत सांगतो, हो, गुडघे दुखत असताना.) मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा त्याच्या स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कुठल्या कारखान्यातलं आहे हे?"

तो बिचारा बाबांच्या कानाशी ओरडून म्हणाला, "मेटल आहे, काका."

"ते कळलं. पण लोखंड की पोलाद?"

"हेवी मेटल."

"असणारच," बाबा म्हणाले. "दोन टनाच्या खालचा घण नाही हा."

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी दाढी करून वर कामाला जायचे. हो, कामालाच. दुपारी डबा मागवायचे. घरातले नळ बंद झाले, दारं थांबली, आणि मी चार महिने बऱ्यापैकी सुखात होतो. सुख मला मानवत नाही. कवळीवाल्याला दुसरीकडे चांगली जागा मिळाली आणि तो गेला. जाताना बाबांच्या पाया पडला आणि एका जुन्या फोनमध्ये ती सगळी गाणी भरून देऊन गेला. बाबा तो फोन पातेल्यात ठेवून वाजवायला लागले (पातेल्यात आवाज घुमतो, हा त्यांचा शोध). तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे विम्याचे गृहस्थ, पत्नीची अर्धशिशी आणि सोसायटीचं पत्र असं सगळं घेऊन दारात उभे राहिले. हेडफोन घ्यायचं ठरलं ते असं.

मला वाटलं होतं, हेडफोन म्हणजे कानाला लावायचे, झालं. अक्का, ते दुकान माझ्या पत्रकांपेक्षा अवघड निघालं. चष्मा लावलेल्या एका गंभीर बाईंनी विचारलं, ऐकायचं काय? गुप्तरोगाचं औषध मागावं तशा आवाजात मी म्हणालो, मेटल, पण माझ्यासाठी नाही. त्यांनी बाबांचा स्वेटर पाहिला, काठी पाहिली, पण हसल्या नाहीत. (त्या बाईंबद्दल मला आदर आहे.) पहिली जोडी कानाच्या भोकात बसणारी. ती बाबांच्या कानांतल्या केसांमुळे बसेना, दोनदा खाली पडली आणि एक बोंड त्यांच्या स्वेटरच्या घडीत सापडलं. दुसरी मोठी, उशा लावलेली. यात बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, दणदणीत आहे, बाई म्हणाल्या. बाबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि काढून ठेवली.

"हा घण सैल आहे," ते म्हणाले. "एक ठोका निवायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडतो. सगळा कालवा. असा घण मी चालू दिला नसता."

मी मान खाली घातली. पण बाई थक्क होऊन म्हणाल्या की काकांचं अगदी बरोबर आहे, यात बेस फुगवलेला आहे, जलद ड्रम एकमेकांत मिसळतात, आणि मेटलसाठी तेच चालत नाही. एवढं कळणारं गिऱ्हाईक वर्षात एखादं येतं, म्हणाल्या. मी तिथे शेजारी उभा होतो, अक्का. बाबांना कशातलं काही कळतं असं कुणी म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तिसरी जोडी बाहेरून जाळीची होती. ती बाबांना आवडली, पण आतला आवाज बाहेर सगळ्या दुकानाला ऐकू येत होता, आणि मला विम्याचे गृहस्थ दिसायला लागले.

मग बाईंनी सगळ्यात भारी जोडी काढली. ही म्हणे बाहेरचा सगळा आवाज खाऊन टाकते. इथे माझी चूक झाली, कारण 'वा, हीच द्या' असं मीच म्हणालो. बाबांना कानाशी ओरडल्याशिवाय बोललेलं ऐकू येत नाही, पण पंख्याची, रस्त्याची घरघर येते, आणि त्या यंत्रानं नेमकी तीच खाल्ली. गाणं अजून लावायचं होतं. बाईंनी फक्त बटण दाबलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते ताडकन उठले, खुर्ची मागे पडली, आणि कारखान्यातल्या आवाजात ओरडले, "कोण सापडलं? अरे, कोण सापडलं?"

दुकानातली माणसं जिथल्या तिथे थांबली. मी हेडफोन काढून घेतला, त्यांना धरून बसवलं. बाईंनी पाणी आणलं. बाबा पंख्याकडे बघत कुणालाच उद्देशून नाही असं सांगायला लागले, की तिथे सगळे घण एकदम कधीच बंद होत नसत. दिवाळं निघालं तरी नाही, साहेब मेला तरी नाही. एकदम गप्प झालं म्हणजे कुणीतरी घणाखाली सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या वेळी तसं एकदा झालं. सांडशी जोडीदाराच्या हातात होती आणि पायानं दाबून घण पाडायच्या पट्टीवर बाबा होते. बाबा म्हणाले, "हात त्याचा होता. पाय माझा."

एवढंच. मी कानाशी जाऊन विचारलं, कधी? तर म्हणाले, तू तिसरीत होतास.

अक्का, तुला तो दिवस आठवतो का? बाबा भर दुपारी घरी आले होते, बूट न काढता भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि दोन दिवस जेवले नव्हते. त्याच दिवशी मी गणितात अकरा गुण मिळालेलं प्रगतिपुस्तक त्यांच्या पुढ्यात सहीला ठेवलं होतं. ते माझ्यामुळे जेवले नाहीत असं मी बेचाळीस वर्षं धरून चाललो. हा हिशोबाचा नसून तपासणीचा धंदा मी धरला तो त्याच्याचमुळे. आणि त्या माणसानं ते पुस्तक पाहिलंसुद्धा नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आईला माहीत होतं का, हे आता कुणाला विचारू?

शेवटी बाईंनी आतून एक जुनी जोडी आणली. ध्वनिमुद्रणवाले वापरतात ती, काळी, जड, दोन्हीकडून बंद, फोनच्या जुन्या दोरीसारखी वळ्यांची वायर असलेली. बाबांनी ती लावली, डोळे मिटले, आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मी खुणेनं विचारलं, ठोके वेगळे येतात का? म्हणाले, येतात. मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "यात कुणी थांबत नाही."

तेच घेतले.

आता घरात आवाज नाही. बाबा सकाळी दाढी करून खिडकीपाशी बसतात, हेडफोन लावतात, आणि जेवायला हाक मारावी तर पुढ्यात जाऊन हात हलवावे लागतात. विम्याच्या गृहस्थांनी मला जिन्यात हात जोडले. हिनं नवा मिक्सर आणला. मला जे हवं होतं ते सगळं झालंय आणि मी घरभर फिरत असतो. आधी निदान दिवसातून दोनदा भांडण व्हायचं. भांडण म्हणजे बोलणंच ते. कालपासून मीच स्वयंपाकघराचा नळ जरा सोडून ठेवतो. ही बंद करते. मी पुन्हा सोडतो.

तेव्हा तुझंच खरं. त्यांना टेकडीवर मोकळी हवा मिळेल, वेळच्या वेळी डॉक्टर बघेल. आम्ही दोघं कामावर गेल्यावर ते एकटेच असतात, आणि हेडफोन लावून बसलेल्या माणसाला घराला आग लागली तरी कळायचं नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक घे, गोळी घेऊ नकोस. (घेतलीस तर पत्रक वाचू नकोस.)

तुझा,
धाकटा

ता. क. अर्ज सही करून सोबत जोडला आहे. नातं या रकान्यात मी चुकून 'वडील'ऐवजी स्वतःचा व्यवसाय लिहिला होता, तो खोडून दुरुस्त केला आहे.

ता. क. २. पाकीट बंद करणार तेवढ्यात त्या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. फारच ओशाळले होते. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला खडी फोडायचं मोठं यंत्र बसलंय, दिवसभर धडाडत असतं, कमीत कमी तीन वर्षं चालेल. खोली नको असेल तर आम्ही समजू शकतो, म्हणाले. बाबांना या खोलीबद्दल मी काहीच बोललो नव्हतो, पण आता लपवणं बरं वाटेना, म्हणून सगळं कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हेडफोन काढून दोनदा वाचलं. विचारलं, यंत्र किती टनी? मला माहीत नव्हतं. आत्ता पलीकडच्या खोलीत ते ट्रंक भरतायत. शीळ घालतायत, अक्का. त्यांना शीळ येते हे तुला तरी ठाऊक होतं का?

ता. क. ३. सोबत जोडलेला अर्ज फाडून टाक, माझ्या हातून फाडला जात नाही. बाबा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. त्यांना मोठ्या अक्षरात चार ओळी लिही, की ते यंत्र कायमचं बंद पडलंय. मी लिहायला सांगितलं असं लिहू नकोस.